पी.पी. नंबर

नव्वदच्या दशकापर्यंत वसईत लग्नपत्रिकांवर, शाळेच्या अर्जांवर, दुकानाच्या पावत्यांवरसुद्धा फोन नंबरापुढे कंसात 'पी.पी.' अशी दोन अक्षरं असायची. ट्रंक कॉलच्या जमान्यातला 'पर्टिक्युलर पर्सन' हा शब्द आमच्याकडे येईपर्यंत त्याचा अर्थ साधा झाला होता: फोन शेजाऱ्याचा, माणूस आमचा. आमचा पी.पी. नंबर मास्तरांचा. मास्तर म्हणजे दिवाणमानला आमच्या दोन घरं सोडून राहणारे, आता निवृत्त झालेले शिक्षक. कोणी फोन केला की मास्तर म्हणायचे, "दहा मिनिटांनी परत करा, बोलावून ठेवतो." मग त्यांचा मुलगा किंवा बाई गॅलरीतून हाक मारायच्या आणि आई हात पुसत धावायची. मुंबईचा कोड ०२२, आमचा ०२५०. खाडीचा पूल ओलांडला की एसटीडी. म्हणजे चर्चगेटला नोकरीला गेलेल्या माणसाने घरी निरोप द्यायचा तर परगावी फोन करायचा आणि तोही शेजाऱ्याच्या भरवशावर.

मास्तरांनी या सेवेचे कधी पैसे घेतले नाहीत. पण आमच्या नावाने फोन करणारा प्रत्येक माणूस आधी मास्तरांना आपली ओळख सांगायचा. 'मी अमुक, त्यांच्या मावशीचा मुलगा.' मास्तर आमचे जामीनच होते म्हणा ना.

हे सगळं मला नीट आठवलं ते २०१८ साली, जर्मनीत, लॅपटॉपला इंटरनेट मिळवायच्या खटाटोपात.

पुण्याच्या एका कंपनीने मला नऊ महिन्यांसाठी आखेनला पाठवलं होतं. आखेन जर्मनीच्या अगदी पश्चिम टोकाला, बेल्जियम आणि नेदरलँड्सच्या सीमांना चिकटून. दिवसभराचं काम तिथल्या ऑफिसात, पण पुण्याच्या टीमची रोजची मीटिंग सकाळी साडेनऊला. उन्हाळ्यात जर्मनी साडेतीन तास मागे, म्हणजे माझे पहाटेचे सहा. ऑफिस उघडायचं आठला. तेव्हा खोलीवर लॅपटॉपला नेट पाहिजेच. कंपनीच्या लेखी हा प्रश्नच नव्हता. "युरोपात जातेयस, तिथे काय नेटची कमी!"

कमी नव्हती. खोलीत लॅपटॉप उघडला की पंधरा-वीस वायफाय दिसायचे. सगळ्यांना कुलूप.

त्यातलं एक घरमालकीण बाईंचं. सत्तरीच्या, एकट्या, स्वभावाने चांगल्या. पहिल्याच दिवशी केक घेऊन आल्या. मी पासवर्ड विचारला तर मात्र चेहरा बदलला. आधीच्या भाडेकरूने त्यांच्या कनेक्शनवरून कुठलासा सिनेमा उतरवून घेतला होता आणि वकिलाचं पत्र आलं होतं बाईंच्या नावाने. काहीशे युरो भरावे लागले. जर्मनीत हा प्रकार इतका सर्रास होता की त्याच्यावर वकिलांचा एक वेगळा धंदाच उभा राहिला होता. तुमच्या कनेक्शनवरून दुसऱ्याने काही केलं तरी त्रासदायक म्हणून तुम्ही जबाबदार, असा तो कायदेशीर विचार. त्यामुळे कॅफेवालेसुद्धा वायफाय द्यायला बिचकायचे. २०१७च्या शरदात कायदा बदलला, उघडं वायफाय देणाऱ्यांवरची ही टांगती तलवार बरीचशी दूर झाली. पण बाईंच्या मनातलं पत्र काही गेलं नव्हतं. "तुझ्यावर अविश्वास नाही," त्या म्हणाल्या, "पण सही माझी आहे."

मला राग आला नाही. वसईत आम्ही भाडेकरू ठेवतो तेव्हा पोलीस ठाण्यात त्याची माहिती देतो, त्यामागे वेगळं काय असतं?

मग स्वतःचं कनेक्शन. ब्रॉडबँडच्या दुकानात पहिला प्रश्न: किती दिवस राहणार? नऊ महिने. करार चोवीस महिन्यांचा. शिवाय जर्मन बँकेत खातं हवं, पत्त्याची सरकारी नोंद हवी आणि तुमच्या उधारीचा इतिहास तपासणार. माझा इतिहास जर्मनीत तीन दिवसांचा होता. दुकानदार मुलगा सभ्यपणे म्हणाला की प्रीपेड सिम घ्या आणि मोबाइलवरून लॅपटॉपला जोडा.

प्रीपेड सिम सुपरमार्केटच्या गल्ल्यावर, च्युइंगगमच्या शेजारी टांगलेलं असतं. घेतलं. पण १ जुलै २०१७ पासून जर्मनीत ओळख पटवल्याशिवाय प्रीपेड सिम चालू होत नाही. दहशतवादी हल्ल्यांनंतर २०१६ मध्ये जो कायदा झाला त्याचा हा भाग. ओळख पटवायची व्हिडिओ कॉलवर: पासपोर्ट कॅमेऱ्यासमोर धरायचा, तिरका करायचा, चकाकणारं चित्र दाखवायचं. आणि व्हिडिओ कॉलसाठी काय लागतं? इंटरनेट.

स्टेशनजवळ एक उघडं वायफाय सापडलं, 'फ्रायफुंक' नावाचं. हौशी लोकांनी आपापल्या घरातल्या राउटरमधून थोडं थोडं नेट गावाला मोकळं करून द्यायचं, अशी ही जर्मनीभर पसरलेली चळवळ. कोणाच्या तरी खिडकीत ठेवलेल्या डबीच्या कृपेने मी बाकावर बसून पासपोर्ट हलवत राहिले. पलीकडची बाई म्हणाली, भारतीय पासपोर्ट आमच्या यादीत नाही, टपाल कार्यालयात जा.

टपाल कार्यालयातल्या गृहस्थांनी पासपोर्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळला. शेवटच्या पानावर आई-वडिलांची नावं आणि वसईचा पत्ता. ते पान त्याच वर्षी जानेवारीत रद्द व्हायचं होतं. परराष्ट्र मंत्रालयाने तशी घोषणा केली, नारिंगी पासपोर्टची कल्पनाही मांडली, आणि ओरड झाल्यावर महिना संपायच्या आत दोन्ही मागे घेतलं. त्यामुळे आमचं दिवाणमान वाचलं. गृहस्थांनी बोट ठेवून विचारलं, "हे गाव आहे?" मी म्हटलं, गाव होतं, आता महानगरपालिका आहे. वसई-विरार महापालिका २००९ची, हे मात्र सांगत बसले नाही. त्यांनी शिक्का मारला. चार दिवसांनी सिम चालू झालं.

त्या सिमवर दहा युरोच्या आसपास महिन्याला दीड-दोन जीबी मिळायचं. संपलं की वेग ६४ केबीपीएसवर. त्या वेगात जीमेलचं पान उघडेपर्यंत चहा होतो. इकडे वसईत पप्पांकडे जिओ. सप्टेंबर २०१६ ला सुरू झालेल्या त्या कंपनीने २०१८ पर्यंत १४९ रुपयांत अठ्ठावीस दिवस रोज दीड जीबी द्यायला सुरुवात केली होती. माझ्या महिन्याच्या शिध्याएवढं पप्पांना रोज मिळायचं आणि ते दुसऱ्या दिवशी वाया जाऊ नये म्हणून ते इमाने इतबारे वापरायचे. सूर्योदयाची चित्रं, बायबलची वचनं, अर्नाळ्याच्या कोणत्यातरी सोहळ्याचा बारा मिनिटांचा व्हिडिओ. मी ऑटो-डाउनलोड बंद केलं तर त्यांना वाईट वाटलं. "तिकडे नेट फुकट असेल ना गं?"

या सगळ्यात पहाटेची मीटिंग बसत नव्हती. स्क्रीन शेअर झाली की महिन्याचं पॅक आठवड्यात संपायचं.

तोडगा ऑफिसातल्या एका तमिळ सहकाऱ्याने सुचवला: "फाल्सला जा." फाल्स हे नेदरलँड्समधलं गाव, आखेनच्या सिटी बसने जाता येतं. मधे ना नाका, ना शिपाई. बस थांबते तेव्हा पाट्यांची भाषा बदललेली असते, एवढंच. तिथल्या दुकानात मी सिम मागितलं. मुलीने विचारलं, "पिशवी हवी?" दुसरं काही नाही. नेदरलँड्समध्ये प्रीपेडला ओळखपत्र लागत नाही.

फाल्सच्या टेकडीवर तीन देशांच्या सीमा एका खांबापाशी मिळतात. ३२२ मीटरची ही टेकडी, आमच्या तुंगारेश्वरच्या डोंगराचं पिल्लू शोभेल, पण युरोपातल्या नेदरलँड्सचं ते सर्वोच्च शिखर. लोक तिथे तीन देशांत तीन पावलं टाकून फोटो काढतात. माझा फोनही तिथे तीन देशांत उड्या मारत होता. बेल्जियमने ब्रुसेल्सच्या हल्ल्यांनंतर २०१६च्या अखेरीस निनावी प्रीपेड बंद केलं. जर्मनीने पुढच्या वर्षी. नेदरलँड्सने केलंच नाही. एका खांबाभोवती, 'हा माणूस कोण' या प्रश्नाची अशी वेगवेगळी उत्तरं.

डच सिम जर्मनीत चालतं कारण १५ जून २०१७ पासून युरोपियन युनियनमध्ये रोमिंगचा जादा आकार गेला. पण त्यालाही हिशेब आहे. ज्या देशात फिरताय तिथल्या कंपनीला तुमची कंपनी घाऊक दराने पैसे देते. २०१८ मध्ये त्या दराची कमाल मर्यादा जीबीमागे ६ युरो होती. पॅकच्या किमतीतून कर वजा करायचा, घाऊक दराने भागायचं आणि दुप्पट करायचं. निदान इतकं तरी कंपनीने बाहेर वापरू द्यायला हवं. वीस युरोच्या पॅकला साडेपाच जीबी येतात. आणखी एक अट: सिम सतत परदेशातच वापरताय असं चार महिन्यांत दिसलं तर कंपनी विचारणा करू शकते. म्हणून मी शनिवारी फाल्सला जायचे, तिथल्या कॅफेत बसून लॅपटॉपचे सगळे अपडेट उतरवून घ्यायचे आणि घरी व्हिडिओ कॉल करायचे. पप्पांना मी दर आठवड्याला 'परदेशी' जाते याचं फार कौतुक. जर्मनी त्यांच्या हिशेबात केव्हाच घर झालं होतं.

लॅपटॉपला सिम जोडायला भावाचं जुनं डोंगल नेलं होतं. आमच्या घरात ते डोंगल खिडकीच्या गजाला बांधून, मागे स्टीलची चाळण लावून चालवलेलं आहे, त्यामुळे त्याच्याबद्दल माया होती. पण भारतात तेव्हा विकलेली डोंगलं एका कंपनीच्या सिमलाच बांधलेली असत. कुलूप काढून घ्यायला वेळ मिळाला नव्हता. शेवटी फोनच खिडकीत ठेवून हॉटस्पॉट केला. बस्स, एवढीच व्यवस्था: डच सिम, जर्मन खिडकी, पुण्याची मीटिंग.

दुसरी काळजी भारतातल्या नंबराची. बँकेचा ओटीपी त्याच्यावर येणार, म्हणून तो जिवंत ठेवायला हवा. ट्रायच्या २०१३च्या नियमाने खात्यात २० रुपये असतील तर वापर नाही म्हणून नंबर बंद करता येत नाही. पण २०१८च्या अखेरीस कंपन्यांनी किमान रिचार्ज काढलं, ३५ रुपयांचं, अठ्ठावीस दिवसांनी पुन्हा. मग पप्पा नाक्यावर जाऊन माझ्या नावाने ३५ रुपये भरायचे आणि मेसेज करायचे: 'तू अजून चालू आहेस.'

९ आणि १० जुलैला वसई बुडाली. पाऊस चार दिवस होता, पण सोमवार-मंगळवारी पाण्याने हद्द केली. नालासोपाऱ्यात रुळांवर पाणी, लोकल बंद, वडोदरा एक्स्प्रेसच्या प्रवाशांना आपत्ती दलाच्या जवानांनी बोटीने काढलं. मिठागरांत शेकडो माणसं अडकली. वसईचं पाणी आधी मिठागरांत पसरायचं, मग खाड्यांत ओसरायचं. ते भराव घालून बंद केल्यावर आमच्या दिवाणमानात येण्यावाचून त्याला वाट काय? यावर हरित वसईच्या माणसांनी कितीतरी वर्षं घसा कोरडा केला आहे. असो. सुरक्षेसाठी वीज तोडली. फोनची चार्जिंगं संपली आणि नंतर टॉवरच्या बॅटऱ्याही.

मंगळवारी माझ्या खोलीत पाच जीबी शिल्लक होते आणि पलीकडे कोणी नव्हतं. पप्पा 'लास्ट सीन' सोमवार, रात्री अकरा चाळीस. आई त्याहून आधी. भाऊ दुबईत, त्याच्याकडेही तीच बातमी. बातम्यांच्या व्हिडिओंत मी आमची गल्ली शोधत होते आणि त्यात शिल्लक डेटा घालवत होते. पप्पांना मधुमेह, इन्सुलिन फ्रिजमध्ये, वीज नाही. वापरात असलेली बाटली घरच्या तापमानालाही काही आठवडे टिकते, न उघडलेल्यांना मात्र थंड लागतं, हे मला माहीत होतं. त्यांना माहीत आहे का, हे मला माहीत नव्हतं. कोणती बाटली उघडलेली आहे, हेही नाही.

रात्री एकदम तो नंबर आठवला. आठवला म्हणजे बोटांना आठवला. पहिलीपासून दहावीपर्यंत प्रत्येक अर्जावर लिहिलेला, पुढे पी.पी. मास्तरांनी लँडलाइन काढली नव्हती, हे ऐकून होते. तांब्याच्या तारेच्या फोनला घरात वीज लागत नाही. एक्स्चेंजमधून तारेतूनच त्याला ४८ व्होल्ट मिळतात आणि एक्स्चेंजकडे आपल्या बॅटऱ्या असतात. एक्स्चेंजच पाण्यात गेलं नसेल तर. लॅपटॉपवर स्काइप उघडलं. त्यातून लँडलाइनवर बोलायला पैसे भरावे लागायचे. पाच युरो भरले, आणि त्यासाठीचा ओटीपी पप्पांनी जिवंत ठेवलेल्या नंबरावर आला.

चौथ्या रिंगला उचलला. वसईत पहाटेचे पाच वाजत होते.

"मास्तर, मी बोलतेय. जर्मनीहून."

त्यांनी नाव ऐकलं, ख्यालीखुशाली वगैरे काही नाही. म्हणाले, "दहा मिनिटांनी परत कर. बोलावून ठेवतो."

नंतर कळलं की गल्लीत कमरेएवढं पाणी होतं आणि मास्तर पंचाहत्तरीचे. गॅलरीतून हाक मारली, पप्पा मास्तरांच्या मुलाचा हात धरून पाण्यातून आले. दहाची पंधरा मिनिटं झाली. मी रिंग दिली तेव्हा पप्पा दमलेले होते, पण होते. इन्सुलिन? "आईने बाटल्या पिशवीत बांधून माठाच्या बुडाशी ठेवल्यात." आईला हे कोणी सांगितलं? बाईंनी. मास्तरीणबाईंचा स्वतःचा मधुमेह वीस वर्षांचा. मी वाचून ठेवलेलं काहीच सांगावं लागलं नाही. पप्पांनी विचारलं, "फोनचे पैसे फार पडत नाहीत ना?" मिनिटाला किती पडतात ते मी सांगितलं नाही.

पुढच्या दोन दिवसांत मास्तरांचा फोन अख्ख्या गल्लीचा पी.पी. झाला. दुबई, कुवेत, इस्रायल, बोटीवरची पोरं. मास्तरांनी एका जुन्या वहीत वेळा आणि नावं लिहून ठेवली होती. ती वही मी नंतर पाहिली. माझ्या नावापुढे 'आखेन' ऐवजी 'आखण' लिहिलं आहे.

ती लँडलाइन आता नाही. जानेवारी २०२०च्या शेवटी बीएसएनएलमधून ७८ हजारांहून अधिक कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन गेले. त्यानंतर एकदा तार तुटली ती जोडायला कोणी आलं नाही. स्काइपही मे २०२५ मध्ये बंद झालं. आता पुन्हा पाणी भरलं तर काय, असं मी भावाला विचारलं. तो म्हणाला, पॉवर बँक.

मला सांगायची आहे ती गोष्ट मात्र २०१९च्या सुरुवातीची, परत आल्यावरची. वसई स्टेशनजवळच्या दुकानात मी माझं सिम फोर-जी करून घेत होते. माझ्यापुढे एक नायजेरियन गृहस्थ उभे होते. नालासोपाऱ्यात त्यांची बरीच वस्ती आहे. मुंबईतून कपडे घ्यायचे आणि तिकडे पाठवायचे, असा पुष्कळांचा व्यापार. पेपरात मात्र त्यांचं नाव येतं ते पोलिसांच्या कारवाईच्या बातम्यांत, त्यामुळे दुकानदार लोक चार हात लांब. यांना सिम हवं होतं लॅपटॉपला जोडायला. घरमालक वायफाय देत नव्हता. पासपोर्ट होता, व्हिसा होता, फोटो होते. परदेशी माणसाला इथे सिम व्हिसाच्या मुदतीपुरतंच मिळतं आणि त्याला एक स्थानिक जामीन लागतो, 'लोकल रेफरन्स'. अर्जात त्यासाठी चौकट असते: नाव, पत्ता, फोन. त्यांचा माणूस येणार होता, आला नव्हता. दुकानदार मराठीत मला म्हणाला, "ताई, हे रोजचंच आहे. मी का सही करू? उद्या पोलीस माझ्याकडे येतील."

घरमालकीण बाई आठवल्या. सही माझी आहे.

मी त्यांना विचारलं, काय काम करता, कुठे राहता, किती दिवस आहात. त्यांनी सगळं सांगितलं. टपाल कार्यालयातल्या गृहस्थांसारखा मीही त्यांचा पासपोर्ट चाळला. त्यातून मला काही कळलं असं नाही. मग दुकानदाराकडून पेन घेतलं. तो म्हणाला, "विचार करा हां." मी चौकटीत नाव, दिवाणमानचा पत्ता आणि तो पस्तीस रुपयांवर जगवलेला नंबर लिहिला.

संध्याकाळी स्वयंपाकघरात असताना कंपनीच्या कॉल सेंटरचा फोन आला. एका मुलीने त्यांचं नाव कसंबसं उच्चारलं आणि विचारलं, "आपण या ग्राहकाला ओळखता का?"

मी हो म्हटलं.

"आपलं त्यांच्याशी नातं?"

पप्पा टेबलापाशी बसून ऐकत होते. मी म्हटलं, "शेजारी आहेत. एक स्टेशन पुढे."